लांब पल्ल्यावरच्या शिकारीसाठी कमी दारूत जास्त काम करणारं काडतूस कोणतं?

रानवाट (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. मी मूळचा डिचोली तालुक्यातला, गेली सहा वर्षं न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कँटरबरी भागात नोकरीला आहे. बंदुकीचं इथलं लायसन्स गेल्या महिन्यात मिळालं आणि आता आयुष्यातली पहिली रायफल घ्यायची आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. गोव्यात काय, भारतात कुठेही शिकार हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंधनं आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही संपले. ते योग्यच झालं असं माझं मत आहे. हा धागा वाचून कुणी म्हादईच्या रानाकडे बघू नये. माझा प्रश्न न्यूझीलंडच्या डोंगरांपुरता आहे.

इथे दोन जनावरं डोळ्यांसमोर आहेत. एक रेड डियर, आपल्या मेरवाच्या (सांबराच्या) कुळातला, नर दीड-दोनशे किलोचा. दुसरा थार, हिमालयातला रानबोकड, मोठा नर शंभर किलोच्या वर. दऱ्या रुंद आहेत, एका कड्यावरून समोरच्या कड्यावर बघायचं, मध्ये झाड नाही. त्यामुळे ३०० ते ४५० मीटर हा पल्ला लोक सहज बोलतात.

दुकानदार म्हणतो, डोळे मिटून .३०० विनचेस्टर मॅग्नम काडतुसाची रायफल घ्या. सोबत काम करणारा मित्र ६.५ क्रीडमूर वापरतो आणि त्याहून मोठं काही लागत नाही म्हणतो. मी ६४ किलोचा माणूस. आजोबांची ठासणीची बंदूक लहानपणी हातात घेतली होती, तिचा दणका अजून आठवतो. मला सर्वांत जोरदार काडतूस नको. जेवढी दारू जाळतो त्याचं जास्तीत जास्त काम जनावरापर्यंत पोचवणारं हवं. जाणकारांनी सविस्तर लिहावं, मी वही घेऊन बसलो आहे.

---

प्रायोळ

रानवाट, प्रश्न नेमका विचारलात. मी क्लबात .२२ ची नेमबाजी करतो, शिकार कधी केलेली नाही, पण काडतुसांचं गणित हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. आज सुट्टी आहे, तेव्हा नीट लिहितो.

दारूच्या हिशेबात एक उत्तर येतं आणि खांद्याच्या हिशेबात वेगळं. दोन्ही करून बघू. आकडे बाजारात मिळणाऱ्या तयार काडतुसांच्या जवळचे आहेत. दारूचं वजन कंपनीगणिक दोन-चार ग्रेन इकडेतिकडे होतं.

.३०८ विनचेस्टरमध्ये साधारण ४४ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) दारू, १७८ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला २६०० फूट. नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे २६७० फूट-पौंड (हे ऊर्जेचं माप). म्हणजे एका ग्रेन दारूमागे ६०. तुमच्या मित्राच्या ६.५ क्रीडमूरमध्ये ४२ ग्रेन दारू, १४३ ग्रेनची गोळी, वेग २७००, ऊर्जा २३१५. ग्रेनमागे ५५. जुन्या ३०-०६ मध्ये ५६ ग्रेन दारू, तीच १७८ ची गोळी २७५० ने, ऊर्जा २९९०. ग्रेनमागे ५३. दुकानदाराच्या .३०० विनचेस्टर मॅग्नममध्ये ७४ ग्रेन दारू, २०० ग्रेनची गोळी २८५० ने, ऊर्जा ३६००. ग्रेनमागे ४९ सुद्धा भरत नाहीत. आणि १९९९ मध्ये आलेलं .३०० रेमिंग्टन अल्ट्रा मॅग्नम: ९५ ग्रेन दारू जाळून १८० ची गोळी ३२५० ने, ऊर्जा ४२०० च्या वर. ग्रेनमागे ४४.

हे असं का होतं ते आपल्या कुळागरात बघायला मिळतं. पाटाची रुंदी ठरलेली असते. तळ्याचं दार जास्त उघडलं तर पाणी थोडं वाढतं, पण पाटाच्या रुंदीपलीकडचं पाणी बांध खात बाहेर जातं, शेवटच्या माडापर्यंत पोचत नाही. नळीचं भोक तेवढंच असतं. केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, मोठी केली, दारू वाढवली, की वायूचा मोठा भाग गोळी बाहेर पडल्यावर तिच्या मागून नुसता आवाज, ज्वाळा आणि धक्का होऊन निघून जातो. बांध खाणं म्हणजे इथे नळीचा घसा, काडतुसाच्या लगेच पुढचा भाग, झिजणं. .३०८ ची नळी हजारो बार नेम टिकवते, तर अल्ट्रा मॅग्नमच्या नळीचा घसा हजार बारांच्या आसपासच बोलायला लागतो.

आता हवेतला प्रवास. ६.५ मिलिमीटरची १४३ ग्रेनची गोळी लांब आणि निमुळती आहे. तिचा बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे हवा कापण्याची क्षमता, .६२५ च्या आसपास. .३०८ च्या १७८ ग्रेन गोळीचा .५५२. म्हणून ४५० मीटरवर क्रीडमूरच्या गोळीत मूळच्या ५६ टक्के ऊर्जा शिल्लक असते, .३०८ मध्ये ५२. आकड्यात बघितलं तर क्रीडमूर १३०० च्या थोडी वर, .३०८ सुमारे १३८०. म्हणजे निव्वळ दारूच्या हिशेबात .३०८ मागे पडत नाही, उलट तोळामासा पुढेच राहतं. क्रीडमूरचे चाहते हे सहसा सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खांद्याच्या हिशेबात मात्र चित्र फिरतं. दुर्बिणीसकट चार किलोची रायफल धरली तर मागे येणारी ऊर्जा अशी येते: क्रीडमूर १२ फूट-पौंड, .३०८ सुमारे १६, ३०-०६ सुमारे २०, सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नम २१, .३०० विनचेस्टर मॅग्नम ३० च्या घरात. म्हणजे दुकानदार तुमच्या खांद्यावर मित्राच्या अडीचपट दणका ठेवतोय, आणि ४५० मीटरवर त्याबदल्यात ऊर्जा मिळते दीडपट. ६४ किलोच्या माणसाने हा सौदा का करावा?

---

केपेंकार

प्रायोळबाब, बरें बरयलां (छान लिहिलंत). पाटाचं उदाहरण एकदम पटलं.

---

सुलभा_साखळी

मी हा धागा उघडायला नको होता असं पहिल्या दोन मिनिटांत वाटलं. तरी पूर्ण वाचला, म्हणून लिहिते.

जानेवारी २०२० मध्ये आमच्या सत्तरीत, गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विष घालून मारले होते. त्या वेळी मी शाळेत शिकवत होते, मुलं विचारायची, बाई, आता आणखी किती उरले? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून बंदूक, शिकार, नेम हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो. रानवाटभाऊ, तुम्ही कायदा पाळता, मान्य. पण डोंगरावर सुखाने चरणाऱ्या जनावराला अर्ध्या किलोमीटरवरून मारण्यात काय मिळतं, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

---

रानवाट

सुलभाताई, तुम्ही विचारलंत हे बरं झालं. गोळावलीची बातमी मी इथे वाचली तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

न्यूझीलंडची गोष्ट मुळातच उलटी आहे. माणूस येण्यापूर्वी या बेटांवर जमिनीवरचा सस्तन प्राणी एकच होता, वटवाघूळ. हरीण नाही, बकरी नाही, डुक्कर नाही. इथली झाडं, गवतं, पक्षी हे सगळं चरणाऱ्या सस्तन जनावरांशिवाय लाखो वर्षं वाढलं. मग युरोपातून आलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात रेड डियर आणून सोडले. १९०४ मध्ये माउंट कुकच्या परिसरात हिमालयातले थार सोडले. त्यांना खाणारं कुणीच नाही. वाघ नाही, बिबटा नाही, कोळसुंदाही नाही. कळप वाढले आणि डोंगरमाथ्यावरची झाडं-फुलं, जी जगात दुसरीकडे कुठेही नाहीत, मुळापासून खाऊन टाकली. १९९३ च्या सरकारी आराखड्याने थारांची संख्या दहा हजारांच्या आत ठेवायचं ठरवलं. आजही संवर्धन खातं हेलिकॉप्टरमधून थार मारतं, आणि पुष्कळदा ते मांस तिथेच कुजतं. माझ्यासारखा माणूस परमिट काढून एक जनावर मारतो, मांस पाठीवर घेऊन उतरतो आणि वर्षभर खातो. माझ्या घरी विकतचं मांस त्यामुळे जवळजवळ येणार नाही.

अर्ध्या किलोमीटरवरून मारण्यात काय मिळतं, या प्रश्नाने मात्र मला विचारात टाकलं. त्याचं उत्तर आत्ता माझ्यापाशी नाही.

---

सुलभा_साखळी

वटवाघळाचं मला माहीत नव्हतं. तुमचं म्हणणं समजलं. मन लगेच तयार होत नाही, पण समजलं. एक विनंती, जे कराल त्यात जनावराचे हाल होणार नाहीत एवढं बघा. पुढचं वाचत राहीन.

---

नगरगांव

रानवाट, माझं वय ७१. आमच्या घरी पीकसंरक्षणाच्या लायसन्सवरची बंदूक होती, अजून आहे. निवडणूक आली की पोलीस स्टेशनात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची, हे मी पन्नास वर्षं करतोय. त्यामुळे शिकारीपेक्षा बंदूक सांभाळण्याचा अनुभव जास्त.

एक गोष्ट तुम्हा पोरांना सांगतो. तुम्ही ग्रेन ग्रेन म्हणता ते माप आपल्याला परकं नाही. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा पक्का केला तो १८० ग्रेनचा. म्हणजे १८० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर एक तोळा शिसं आणि तांबं. क्रीडमूरची १४३ ची गोळी पाऊण तोळ्याहून थोडी जास्त. सोनाराच्या तराजूत घालून बघा, दोनशे किलोच्या जनावराला एवढीशी वस्तू पाडते हे कळलं की ती कुठे लागते याचं महत्त्व आपोआप कळतं.

दुसरं. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला एक रायफल भेट मिळाली, .२७५ रिग्बी. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्याच रायफलने पडला. हे .२७५ रिग्बी म्हणजे जर्मन माउजरचं ७ बाय ५७ काडतूस, फक्त इंग्रजी नाव दिलेलं. १८९० च्या दशकातलं. दारू मध्यम, गोळी लांब, धक्का सौम्य. बोअर युद्धात त्याच काडतुसाने इंग्रजांना लांबूनचा मार काय असतो ते दाखवलं. आजच्या काळात त्याचा वारसदार सेव्हन एमएम-०८ रेमिंग्टन, १९८० मध्ये आलेला. .३०८ चीच केस, तोंड ७ मिलिमीटरला आवळलेलं. तुम्ही दोघं क्रीडमूर आणि .३०८ च्या मध्ये भांडताय, आणि हे बरोबर दोघांच्या मध्ये बसलंय. प्रायोळ, त्याचाही हिशेब मांडा बघू.

---

प्रायोळ

काका, तोळ्याचं ऐकून खरंच चकित झालो. सोनाराच्या दुकानात जाऊन बघणार.

सेव्हन एमएम-०८ चा हिशेब: ४५ ग्रेन दारू, १५० ग्रेनची गोळी, वेग २७७०, ऊर्जा २५५० च्या आसपास. ग्रेनमागे ५७. हवा कापण्याची क्षमता .५७४. ४५० मीटरवर १३८० च्या जवळ, म्हणजे .३०८ इतकीच. खांद्यावर १४. .३०८ एवढी ऊर्जा पोचवते आणि दणका मात्र क्रीडमूरच्या जवळचा. काका, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. मी स्वतः कागदावर मांडेपर्यंत एवढं जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

---

मांडवीतीर

६.५ चं हे वेड चार दिवसांचं आहे. २००७ च्या आधी क्रीडमूरचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. मोठ्या जनावराला मोठं भोक लागतं. ३०-०६ घ्या, १९०६ पासून सगळ्या जगात चालतंय, आपल्याकडे ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यानेही त्या काडतुसाची रायफल बनवली.

---

प्रायोळ

मांडवीतीर, ३०-०६ बद्दल मला आदर आहे. पण ६.५ मिलिमीटर हे नवं खूळ नाही. स्वीडनने ६.५ बाय ५५ स्वीकारलं ते १८९४ मध्ये. आपल्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालनेही १९०४ मध्ये सैन्यासाठी ६.५ बाय ५८ ची माउजर घेतली. स्वीडनमध्ये एल्क, म्हणजे रेड डियरच्या दुपटीहून मोठं जनावर, या मापाने शंभर वर्षांहून जास्त काळ मारतात. तिथला कायदा सांगतो की मोठ्या जनावरासाठी गोळी १० ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २००० जूल ऊर्जा हवी. ६.५ बाय ५५ जड गोळी घेऊन त्यात बसतं.

क्रीडमूरने नवं केलं ते मांडणीत. केस आखूड ठेवली, केसचा खांदा ३० अंशांचा, मान लांब. त्यामुळे छोट्या ॲक्शनच्या (काडतूस नळीत भरणाऱ्या यंत्रणेच्या) मॅगझिनमध्ये लांब गोळी मावते आणि गोळीचं बूड दारूच्या जागेत घुसत नाही. शिवाय कारखान्यातूनच नळीचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, आठ इंचांत एक फेर असे घट्ट येतात. हा आट्यांचा मुद्दा रानवाट, वहीत लिहून ठेवा. .२७० विनचेस्टर हे १९२५ पासूनचं उत्तम काडतूस, पण त्याच्या नळ्या परंपरेने दहा इंचांत एक फेर. लांब निमुळती गोळी तेवढ्या ढिल्या फिरकीत स्थिर राहत नाही. काडतूस चांगलं असूनही जुन्या नळीमुळे ते लांबच्या पल्ल्यात मागे राहिलं. रायफल घेताना काडतुसाच्या नावाइतकंच आटे विचारा.

भोकाचं म्हणाल तर ६.५ आणि .३० कॅलिबरमधला फरक साधारण १.१ मिलिमीटरचा. फुगलेली गोळी दोन्हीकडे मूळ जाडीच्या जवळपास दुप्पट होते. ती फुगणं महत्त्वाचं. बहुतेक शिकारी गोळ्यांना फुगायला सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास वेग लागतो, त्याखाली ती सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. निव्वळ तांब्याच्या गोळ्यांना आणखी थोडा जास्त वेग द्यावा लागतो. म्हणून मी अंतराची मर्यादा ऊर्जेवरून कमी आणि या वेगावरून जास्त ठरवीन. क्रीडमूर, सेव्हन एमएम-०८, .३०८ ही तिन्ही ४५० मीटरवर १८५० ते २०५० च्या मध्ये असतात. म्हणजे तिथे ती संपत आलेली असतात.

---

पेडणें_सुभेदार

जय हिंद. चोवीस वर्षं फौजेत होतो, त्यातली बरीच डोंगरात, आणि जवानांना फायरिंग शिकवलं. तुमचं गणित वाचलं. चांगलं आहे. पण तुम्ही सगळे काडतुसात अडकलात आणि वारा कुणी विचारात घेतला नाही.

हिशेब मीच सांगतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे आपल्या मोरजीच्या किनाऱ्यावर दुपारी असतो तसा. ४५० मीटरवर क्रीडमूरची गोळी साधारण ३८ सेंटिमीटर बाजूला जाईल. .३०८ ची जड गोळी ४५. जुन्या पद्धतीची बोथट १५० ग्रेनची गोळी साठाच्या वर. आता हरणाच्या छातीतली जागा, जिथे गोळी लागली तर ते काही क्षणांत पडतं, ती २५ ते ३० सेंटिमीटर व्यासाची. मध्यावर नेम धरला तर दोन्ही बाजूंना १३-१४ सेंटिमीटर मोकळीक. म्हणजे वारा १६ चा असताना तुम्ही १० समजलात तर सर्वांत चांगल्या गोळीनेही पोटात किंवा पुढच्या पायाच्या हाडावर लागेल. आणि दरीत वारा एकच नसतो. तुमच्यापाशी डावीकडून, मध्ये वरून, जनावरापाशी उजवीकडून. मी असे चांगले नेमबाज बघितले आहेत जे रेंजवर पाचातले पाच लावतात आणि खोऱ्यात पहिला बार फूटभर बाजूला जातो.

दुसरं, वेळ. ४५० मीटरला गोळीला साधारण सहा दशांश सेकंद लागतो. तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल टाकतं. गोळी सुटल्यावर ती परत बोलावता येत नाही.

तिसरं, चढउतार. तीस अंशांच्या उतारावर ४०० मीटर दिसलं तर गुरुत्वाकर्षणासाठी ते ३४६ मीटरच आहे. दुर्बीण ४०० ची लावली तर वरून जाईल. आजकालची लेझर यंत्रं हा हिशेब देतात, पण बॅटरी थंडीत दगा देते, म्हणून कागदावर लिहून दस्त्याला चिकटवा.

माझा सल्ला असा. जे काडतूस तुम्ही महिन्याला पन्नास वेळा न कचरता उडवाल तेच तुमचं. .३०० मॅग्नमचे दहा बार झाले की नवा माणूस घोडा ओढताना डोळे मिटायला लागतो, आणि त्याला ते कळतही नाही. मी हे शेकडो पोरांत बघितलंय. त्यांना रिकामं काडतूस मध्येच भरून द्यायचो, बार होत नाही आणि नळी हातभर खाली झुकते. ती झुकलेली नळी बघितल्यावर मग त्यांना पटायचं.

---

रानवाट

सुभेदार साहेब, रिकाम्या काडतुसाचं काल करून बघितलं. क्लबात एकाची .३०० मॅग्नम मागितली, त्याने माझ्या नकळत मध्ये एक रिकामं भरलं. नळी झुकली. मला शपथेवर सांगता आलं असतं की मी कचरत नाही. मग त्याचीच सेव्हन एमएम-०८ घेतली, इथे ते काडतूस घराघरांत आहे. वीस बार केले. पाचव्यानंतर परत रिकामं भरलं, नळी जागेवर.

इथे आवाज दाबणारा सप्रेसर लावणं कायदेशीर आणि नेहमीचंच आहे. त्याने धक्काही आणखी कमी होतो. तो धरूनच निर्णय घेणार.

---

काणकोणची_सुलू

एक प्रश्न. थंडीत दारू मंद होते असं ऐकलं आहे. गोव्यासारख्या हवेत तपासलेला वेग बर्फात तोच राहतो का?

---

प्रायोळ

ताई, राहत नाही. काही दारू थंडीत स्पष्टपणे मंदावते, काही खास बनवलेल्या फारशा बदलत नाहीत. म्हणून रायफलचा हिशेब ज्या हवेत शिकार करायची त्याच हवेत तपासावा. उंचीवर हवा विरळ असते, तिथे गोळी उलट कमी अडते. दोन्ही परिणाम ३०० मीटरच्या आत विसरून चालतील, त्यापुढे नाही.

---

मांडवीतीर

मी ३०-०६ वर अजून ठाम आहे. पण नळी झुकण्याचं वाचून माझ्या चुलतभावाला सांगितलं, तो कॅनडात मूस मारायला जातो. तो म्हणाला, त्याने मागच्या वर्षी मॅग्नम विकून ३०-०६ घेतली ती याच कारणासाठी. तेवढं प्रामाणिकपणे नोंदवतो. जिथे अस्वल आणि मूस एकाच रानात आहेत तिथे जड गोळी हवी, हे रानवाटच्या डोंगराला लागू नाही हेही मान्य.

---

रानवाट

मंडळी, सेव्हन एमएम-०८ घेतली. नळीचे आटे विचारूनच. क्रीडमूर आणि हिच्यात फार फरक नव्हता. पण इथल्या छोट्या गावातल्या दुकानातही हिची काडतुसं मिळतात, आणि रेड डियरच्या नरासाठी थोडी जड, थोडी रुंद गोळी मनाला पटली. .३०८ मागे पडलं ते फक्त खांद्यामुळे. दोनशे मीटरला शून्य केली आहे, म्हणजे तिथे नेम बरोबर लागेल अशी दुर्बीण लावली आहे. आठवड्याला पंधरा बार, दगडावर, बॅगेवर, बसून, उतारावर. बाकावरून गोळ्यांचा तीन सेंटिमीटरचा गट पडतो. बसून तोच आठ होतो. सुभेदार साहेब, हा आठचा आकडा बघून माझा पल्ला मीच ठरवला, ३०० मीटर. त्यापुढे बार करणार नाही.

---

पेडणें_सुभेदार

शाबास. आठचा सहा करा, मग ३३० ला जा. घाई नको.

---

रानवाट

मार्चअखेरचे, एप्रिलचे दिवस इथे रेड डियरच्या माजाचे. नर सकाळ-संध्याकाळ हंबरतात, दरी भरून जाते. परवा गेलो होतो, लिहायला आज वेळ मिळाला.

पहाटे पहिला नर दिसला तो ४३० मीटरवर. मोठा, शिंगं काळी. यंत्र म्हणत होतं हिशेबात बसतं. पण माझ्यापाशी गवत उजवीकडे झुकलेलं आणि त्याच्या पायाशी डावीकडे. मध्ये ओढ्यावरचं धुकं सरळ वर जात होतं. मी रायफल खाली ठेवली आणि ओढ्यातून वर चढायला लागलो. दीड तास लागला. तोवर तो नर माद्यांना घेऊन कड्यापलीकडे गेला. त्याच कुरणात एक तरुण नर राहिला होता, २८० मीटरवर, आडवा, वारा माझ्या तोंडावर. पिशवीवर टेकून, दुर्बिणीची चकती ०.६ मिल (नेम वर नेण्याचं माप) फिरवून बार केला. खांद्यामागे लागली, पस्तीस-चाळीस पावलं गेला आणि बसला. मी पोचलो तेव्हा संपलं होतं. गोळी आरपार गेलेली, दोन्ही फुप्फुसं.

सुलभाताई, तुमच्यासाठी लिहितो. त्याच्यापाशी मी बराच वेळ बसून राहिलो. अर्ध्या किलोमीटरवरून मारण्यात काय मिळतं हे मला अजून माहीत नाही, कारण मी तिथून मारलं नाही.

मांस दोन फेऱ्यांत खाली आणलं, पाच तास गेले, गुडघे बोलतात अजून. आता फ्रीझर भरला आहे. पण आईच्या पद्धतीने सुकं केलं तर चामड्यासारखं झालं. चरबी अजिबात नाही या मांसाला. काय करावं?

---

सुलभा_साखळी

वाचलं. लिहिल्याबद्दल आभार.

---

काणकोणची_सुलू

रानवाट, सुकं करू नकोस बाबा. शागुती कर. धणे, बडीशेप, खसखस, मिरी, चक्रीफूल, सुकी मिरची वेगवेगळी भाज, खोबरं तांबूस होईपर्यंत परत, शेवटी जायफळ किस. मांस आदल्या रात्री हळद, मीठ, आलं-लसूण आणि थोडी आमसुलं लावून ठेव. चरबी नसल्याने खोबरेल हात सैल सोडून घाल, आणि वाटण मांस अर्धं शिजल्यावरच. मंद आचेवर दोन तास तरी. मागच्या मांडीचा भाग असेल तर अडीच. तिथे उकडे तांदूळ मिळतात का?